पाडस, तिरपं ऊन आणि रंगांचा मोह
(अकोट येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीलाच एक फोटो दाखवतो. पडद्यावरचं हे पाडस बघा, कसं केशरी पेटल्यासारखं दिसतंय. सात-आठ वर्षांपूर्वी मी काढलेला आहे आणि मला त्याचा फार अभिमान होता. ज्यांच्या बांधावर बसून तो काढला त्या काकांना मोठ्या हौसेनं दाखवला. ते म्हणाले, "हे आमच्या वावरातलं नाही जी. एवढं लाल कुठी असते पाडस?" आजचं व्याख्यान त्या एका वाक्यावरच आहे असं समजा.

आपल्याकडे दोन वेगवेगळी पाडसं दिसतात. नरनाळ्याच्या, शहानूरच्या बाजूला सागाच्या जंगलात चितळाचं. त्याच्या अंगावर जन्मापासून पांढरे ठिपके असतात आणि ते आयुष्यभर राहतात. खाली सपाटीला, तूर-हरभऱ्याच्या वावरात काळविटाचं. ते वरून फिकट तपकिरी, पोटाखाली पांढरं, अंगावर ठिपका नाही. आपण दोघांनाही हरीणच म्हणतो, पण काळविटाची शिंगं गळत नाहीत, चितळाची दरवर्षी गळतात. असो, आपला विषय प्रकाशाचा आहे.

संध्याकाळचं ऊन केशरी का? सूर्य खाली आला की त्याच्या किरणांना हवेचा फार जाड थर ओलांडावा लागतो. त्यात निळा रंग वाटेतच विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा जास्त पोचतो. अकोटला जानेवारीच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेच्या मध्यात पावणेसातनंतर. पण डोंगराच्या कुशीत ऊन त्याच्या कितीतरी आधी जातं, आणि सफारीच्या गाड्यांना अंधाराआधी बाहेर पडावं लागतं. म्हणून जंगलात हा प्रकाश जेमतेम मिळतो, वावरात मात्र शेवटच्या किरणापर्यंत.

आता कॅमेरा. त्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणजे अतिउत्साही मदतनीस! त्याला केशरी ऊन ही चूक वाटते आणि तो ती निळं मिसळून दुरुस्त करतो. त्याला बंद करा, दिवसाच्या उन्हाचं सेटिंग ठेवा, म्हणजे संध्याकाळ संध्याकाळीसारखी उतरेल. रॉ फाइल ठेवलीत तर हे नंतरही बदलता येतं. शटर एक पाचशेच्या खाली नको, कारण पाडसाचे कान आणि शेपूट एक क्षण स्वस्थ नसतात. आयएसओ वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

सूर्य पाडसाच्या मागे असेल तर घाबरू नका. उलट्या प्रकाशात कानाच्या पातळ कातडीतून ऊन आरपार येतं, आतल्या शिरासुद्धा दिसतात, आणि अंगाभोवती केसांची सोनेरी कड उमटते. तेव्हा एक्स्पोजर थोडं कमी करा, नाहीतर ती कड पांढरीफटक होते आणि मग संगणकावर काही केलं तरी परत येत नाही.

संपादनाचं सांगतो. आधी व्हाइट बॅलन्स, मग उजेड-सावली, रंग सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात: पहिलं बोट सॅच्युरेशनवर! वाळलेलं गवत, सागाचा पाचोळा आणि पाडसाचं अंग, तिन्ही एकाच रंगाच्या घराण्यातले. सॅच्युरेशन वाढवलं की तिन्ही एकदमच भडकतात आणि पाडस गवतात हरवून जातं. त्याला वेगळं काढायचं तर रंगानं नव्हे, उजेडानं काढा. मागची सावली जराशी गडद करा, बस्स. माझी खूण सांगतो: चितळाचे ठिपके, गळ्याखालचा पांढरा भाग. उन्हात ते दुधी, सायीसारखे दिसले पाहिजेत. ते हळदीचे झाले की समजा हात जास्त चालला. आणि स्क्रीनचा प्रकाश अर्ध्यावर ठेवून काम करा.

एक गंमत. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. आपण ज्या केशरीसाठी एवढं झुरतो तो त्याच्या आईला दिसतच नाही! निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून वावरात जाताना निळी जीन्स घालू नका.

मघाशी एका ताईंनी विचारलं, "एकटं पडलेलं पाडस दिसलं तर काय करायचं?" बरं झालं विचारलंत. जन्मल्यावर सुरुवातीचे दिवस ते गवतात निपचित पडून राहतं. आई मुद्दाम लांब चरते आणि दूध पाजायला तेवढी येते. ते सोडून दिलेलं नसतं, लपवलेलं असतं. मीच एकदा चांगल्या कोनासाठी अशा पाडसापासून वीसेक पावलांवर बसून राहिलो. आई लांब उभी राहून पाय आपटत होती. मला वाटलं, वा, काय पोज आहे! अंधार पडला तरी ती आली नाही, मी उठून गेल्यावर काय झालं ते मला माहीत नाही. तो फोटो मी कुठेच दाखवत नाही.

राम पटवर्धनांचं 'पाडस' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्यातला मुलगा पाडस घरी आणतो, ते मोठं होतं, पीक खातं, आणि मग शेवट काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे रोही आणि हरणांनी रात्रीतून हरभरा फस्त केला की शेतकऱ्याचं काय होतं, हे अकोटात मी सांगायला नको. म्हणून ताई, उचलायचं नाही, हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जनावर पकडणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. जखमी असेल, किंवा कुत्री मागे लागली असतील, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि लांबूनच लक्ष ठेवा.

आणि हो, त्या काकांना मी तोच फोटो रंग उतरवून पुन्हा दाखवला. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हं, हे आपलं आहे. मागं तूर बी ओळखू येते."