वेगवान मोटार आणि तिचे टायर

एखाद्या मोटारीचे कौतुक करताना आपण तिच्या इंजिनाची अश्वशक्ती सांगतो, शून्यावरून शंभराचा वेग ती किती सेकंदांत गाठते ते सांगतो. शंभरावरून शून्यावर येण्यास तिला किती अंतर लागते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. टायरच्या निवडीचे सारे मर्म या दुसऱ्या प्रश्नात आहे.

दीड हजार किलोग्रॅमची मोटार रस्त्याला चारच जागी टेकते, आणि यांतील प्रत्येक जागा साधारण हाताच्या पंजाएवढी असते. ब्रेक चाकाला अडवतो. मोटारीला थांबवते ती रबराची रस्त्यावरील पकड. म्हणून झिजलेल्या टायरच्या जागी हलका टायर बसवणारा गृहस्थ नकळत आपले ब्रेकच कमजोर करून घेत असतो.

थोडा हिशेब करून पाहू. पकडीचा गुणांक ०.९ असेल, तर ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यावर सुमारे ४४ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर तोच गुणांक ०.६ झाला, तर तिला ६६ मीटर लागतात. फरक बावीसच मीटरांचा, असे कोणी म्हणेल. परंतु पहिली मोटार जेथे थांबली, तेथून जाताना दुसरीचा वेग अजून ताशी ५८ किलोमीटर असतो ! त्या जागी एखादे मूल उभे असेल, तर या फरकाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मग निवड कशी करावी ? जर्मनीच्या पोर्शे कंपनीची २०१९ साली आलेली ‘९११ कॅरेरा’ ही मोटार उदाहरणादाखल घेऊ. तिच्या पुढच्या टायरवर २३५/४० झेडआर १९ असे लिहिलेले असते. २३५ मिलिमीटर ही टायरची रुंदी. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १९ इंच हा रिमचा व्यास. मागचे टायर मात्र २९५/३५ झेडआर २० आहेत, कारण इंजिन मागे असून भारही मागे अधिक आहे. अशा मोटारीत पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या जातीचे घातले, तर वळणावरचा तोल बिघडतो. यासाठी पोर्शे आपण पारखलेल्या टायरवर ‘एन’ या अक्षराची खूण करवून घेते. बदली टायर घेताना ती खूण पाहावी.

आकारानंतर भाराचा अंक आणि वेगाचे अक्षर येते. ‘९४ डब्ल्यू’ म्हणजे एका टायरवर ६७० किलोग्रॅम भार आणि ताशी २७० किलोमीटर वेगाची मर्यादा. ‘वाय’ असेल तर ३०० किलोमीटर. त्या २७० च्या वेगाला वरील पुढच्या टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला सुमारे पस्तीस वेळा दबतो आणि सुटतो. या दबण्यातून उष्णता उपजते, आणि ती न सोसणारा टायर फुटतो. म्हणून उत्पादकाने सांगितल्यापेक्षा खालचा अंक वा अक्षर कधीही घेऊ नये.

आता खरी पारख. शर्यतीच्या मैदानाकडे झुकलेले टायर कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर अप्रतिम पकड देतात. परंतु त्यांच्या खाचा कमी असल्याने साचलेले पाणी बाजूला सारले जात नाही, आणि मोटार पाण्यावर तरंगू लागते. म्हणून रस्त्यावर चालवायच्या मोटारीचा टायर वर्षातील उत्तम दिवसासाठी निवडू नये, वाईट दिवसासाठी निवडावा. युरोपात २०२१ पासूनच्या पट्टीवर ओल्या रस्त्यावरील पकडीला ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी असते. ती प्रथम वाचावी. ‘किती हजार किलोमीटर चालेल ?’ हा प्रश्न त्यानंतरचा.

दुकानात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. टायरच्या बाजूवरील चार आकडे त्याचा जन्म सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही जुने होऊन कडक बनते. दुसरे असे, की दोनच टायर बदलणार असाल आणि चारही एकाच मापाचे असतील, तर नवे मागे बसवावेत; पावसात मागची चाके आधी सुटली, तर मोटार गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरत नाही. चारही चाके ओढणाऱ्या मोटारीत मात्र झिजेचा फार फरक यंत्रणेला घातक ठरतो. तेथे चारही टायर एकदम बदलणे श्रेयस्कर.

आपल्यापैकी किती जणांकडे पोर्शे असेल, असे कोणी विचारील. परंतु समृद्धी महामार्गाने आपल्या साध्या मोटारींनाही ताशी १२० किलोमीटरची मुभा दिली आहे, आणि जूनमधील पहिल्या पावसाने निसरडा झालेला रस्ता मोटारीची किंमत विचारीत नाही. कायद्याने खाचेची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. तथापि पावसाळ्यासाठी ३ मिलिमीटर झाली की टायर बदलणे शहाणपणाचे. मोटारीच्या किमतीपुढे टायरचा खर्च थोडा; पण मोटारीतल्या आणि रस्त्यावरच्या माणसांचा भरवसा त्या पंजाएवढ्या चार जागांवरच उभा असतो.