जमीन-घर विकणाराची अपेक्षा व मध्यस्थाचें कर्तव्य

शेतकऱ्यावर जमीन किंवा घर विकण्याचा प्रसंग येतो, तो बहुधा सुखाचा नसतो. कर्ज फिटत नाहीं, भावाभावांत वांटणी झाली आहे, दवाखान्याचा खर्च अंगावर आला आहे, किंवा घरांत शेत करणारें कोणी उरलें नाहीं, अशा कारणांनीं माणूस हा विचार मनांत आणतो. अशा वेळीं तो ज्याच्याकडे जातो, तो गांवचा किंवा तालुक्याचा मध्यस्थ, म्हणजे ज्यास आपण दलाल अथवा एजंट म्हणतों तो, होय. पहिल्याच बैठकींत मालक एक आंकडा सांगतो, आणि तो आंकडा पुष्कळदां चालू भावाच्या दीडपट-दुप्पट असतो. त्यावर मध्यस्थ काय उत्तर देतो, यावर त्या कुटुंबाचें पुढील एक-दोन वर्षांचें बरेंवाईट अवलंबून असतें. म्हणून अशा वेळीं मध्यस्थानें कसें वागावें व मालकानें त्याजकडून काय अपेक्षावें, याचा विचार येथें केला आहे.

अवास्तव आंकडा कोठून येतो?

फार मोठी किंमत सांगणारा मालक लोभी असतो असें समजणें बरोबर नाहीं. त्याचा आंकडा कोठून तरी आलेला असतो, आणि तें मूळ सांपडल्यावांचून त्याची समजूत पटत नाहीं. ही मुळें मुख्यतः चार आहेत.

(१) सरकारी मोबदला. मुंबई ते नागपूर या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धि महामार्गासाठीं दहा जिल्ह्यांतील जमिनी घेण्यांत आल्या. तेथें मिळालेल्या रकमांची वार्ता सर्व महाराष्ट्रभर पसरली. पण तो मोबदला कसा बसला हें थोड्यांनाच ठाऊक असतें. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें ग्रामीण भागांत जमिनीच्या ठरविलेल्या मूल्यास दोनपर्यंतच्या गुणकानें गुणावयाचें, व येणाऱ्या रकमेइतकीच रक्कम दिलासा म्हणून आणखी द्यावयाची, अशी रीत आहे. म्हणजे मूल्य १० लाख धरलें तर गुणकानें २० लाख होतात व दिलाशानें ४० लाख होतात. संमतीनें थेट खरेदी देणारांस त्यावर आणखी शेंकडा २५ देण्यांत आल्यानें ही रक्कम ५० लाखांवर, म्हणजे मूळ मूल्याच्या पांचपटीवर गेली. यांतील ४० लाख हे कायद्यानें दिलेले आहेत, बाजारानें नव्हेत. मालकाच्या इच्छेविरुद्धहि जमीन घेण्याचा अधिकार सरकारास असतो, म्हणून त्याची ती भरपाई असते. शेजारच्या गांवचा बागाईतदार आपल्या पदरचे पैसे घालून जमीन घेतो, तेव्हां त्यास गुणकहि लागू नाहीं आणि दिलासाहि नाहीं.

(२) गुंठ्याचा हिशेब. रस्त्यालगतचा एखादा तुकडा गुंठ्यास ३ लाख रुपये भावानें गेला असें कानांवर येतें. एकराचे ४० गुंठे, तेव्हां आपला एकर १ कोटि २० लाखांचा, असा हिशेब मालक मनांतल्या मनांत करून टाकतो. किरकोळ भावानें ठोक मालाची किंमत करण्यासारखी ही चूक आहे. गुंठ्याच्या भावांत बिनशेतीचा खर्च, अंतर्गत रस्त्यांस व मोकळ्या जागेस गेलेली जमीन, विक्री होईपर्यंतचें व्याज आणि विकणाराचा नफा हीं सर्व धरलेलीं असतात. शिवाय शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे निर्बंध आहेत, आणि त्यांतील सवलती सर्वच गांवांस लागू नसतात.

(३) केलेला खर्च. विहीर खोदण्यास इतके लागले, पाइपलाइनीस इतके, बांधबंदिस्तीस इतके, अशी बेरीज मालक मांडतो. तो खर्च खोटा नसतो. परंतु विहिरीस लागलेला पैसा आणि विहिरीस लागलेलें पाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. घेणारा पाण्याचे पैसे देतो, खोदाईचे देत नाहीं. घराविषयींहि असेंच आहे. आजोबांनीं सागवानी तुळया घालून बांधलेल्या वाड्यांत मालकाचें बालपण गेलेलें असतें. पण घेणारास नवें घर बांधावयाचें असेल तर तो जागेची किंमत करतो, आणि वाडा उतरविण्याचा खर्च उलट त्यांतून वजा धरतो.

(४) गरज. हें मूळ सर्वांत खोल असतें व सहसा बोलून दाखविलें जात नाहीं. बँकेचे २० लाख, दोघां भावांचे वांटे आणि लेकीचें लग्न यांची बेरीज ७० लाख होते, म्हणून जमिनीची किंमत ७० लाख ठरते. घेणारास मालकाच्या गरजेशीं कर्तव्य नसतें, ही गोष्ट कठोर खरी. पण ती वेळींच कळलेली बरी.

घेणारा काय पाहतो?

आपण कांद्याची गाडी घेऊन बाजार समितींत जातों, तेव्हां लिलावांत बोली घेणारा करतो हें आपणांस पुरतें ठाऊक असतें. उत्पादनाचा खर्च निघो वा न निघो, भाव त्या दिवशींच्या बोलीवर ठरतो. जमिनीच्या बाबतींत मात्र हा अनुभव आपण विसरतों, कारण जमीन कांद्यासारखी नासत नाहीं.

शेतजमिनीस येणारी बोली पुढील गोष्टींवर बसते: पाणी बारमाही आहे कीं आठमाही, गाडी बांधापर्यंत जाते कीं दुसऱ्याच्या शेतांतून वहिवाट आहे, मातीची खोली किती व पोटखराब किती, आकार चौरस आहे कीं पट्टी, सातबाऱ्यावर बोजा, इतर हक्क किंवा वारसाचे न झालेले फेरफार आहेत काय. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर विक्रीस सरकारी परवानगी लागते, व तो काळ आणि खर्च घेणारा किंमतींत धरतो. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें शेतकरी नसलेल्या इसमास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं, म्हणून गिऱ्हाइकांची संख्याहि मुळांतच मर्यादित असते. या गोष्टी मालकाच्या आंकड्यांत नसतात. घेणाराच्या आंकड्यांत सर्व असतात.

तोंडपुजा मध्यस्थ

कांहीं मध्यस्थ मालकाचा आंकडा ऐकतांच मान डोलवितात. इतकेंच नव्हे, तर “यापेक्षांहि जास्त आणून देतों” असें म्हणतात. काम दुसऱ्याच्या हातीं जाऊं नये हा त्यांचा हेतु असतो. गिऱ्हाईक मिळणार नाहीं हें त्यांस पहिल्या दिवशींच ठाऊक असतें. सहा महिने गेल्यावर, मालकाची निकड वाढली कीं, ते हळूहळू किंमत उतरविण्याच्या गोष्टी काढतात, आणि शेवटीं घाईनें मिळेल त्या भावास व्यवहार उरकतात. अशा मध्यस्थाचें गोड बोलणें मालकास सर्वांत महाग पडतें.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. मध्यस्थ किंमत कमी करावयास सांगतो तेव्हां मालकास संशय येतो, आणि तो अगदींच निराधार नसतो. दलाली शेंकडा २ धरल्यास ५० लाखांच्या व्यवहारांत मध्यस्थास १ लाख मिळतात. आणखी खटपट करून किंमत ५५ लाखांवर नेली तर मालकाचे ५ लाख वाढतात, पण मध्यस्थाचे अवघे १० हजार. तेव्हां लवकर विकून मोकळें होण्याकडे त्याचा ओढा असणें स्वाभाविक आहे. म्हणूनच मध्यस्थाचा नुसता शब्द पुरेसा नाहीं. त्यानें पुरावा दाखविला पाहिजे.

सचोटीच्या मध्यस्थाची रीत

पहिली गोष्ट, त्यानें आंकडा ऐकून हंसूं नये व वादहि घालूं नये. “आबा, हा आंकडा कशावरून धरला?” एवढेंच विचारावें आणि स्वस्थपणें ऐकावें. वर सांगितलेल्या चार मुळांपैकीं कोणतें आहे हें त्यावरून कळतें, आणि समजूत त्या मुळाचीच घालावी लागते. गरजेच्या बेरजेवरून किंमत धरणारास गुंठ्याचे भाव समजावून सांगण्यांत अर्थ नाहीं. त्याच्याशीं कर्जाची मुदत वाढवून घेणें किंवा सर्वच्या ऐवजीं थोडी जमीन विकणें शक्य आहे काय, याची चर्चा केली पाहिजे.

दुसरी गोष्ट, त्याच शिवारांत गेल्या दोन वर्षांत झालेल्या तीन-चार खरेदीखतांची माहिती पुढें ठेवावी. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें अशा दस्तांची सूची फी भरून कोणासहि पाहतां येते. महाराष्ट्रांत तिला सूची क्रमांक २ असें म्हणतात. प्रत्येक व्यवहारांतील जमीन पाणी, रस्ता, माती व आकार या दृष्टींनीं आपल्या जमिनीशीं ताडून पाहावी. दस्तांत दाखविलेली रक्कम कांहीं ठिकाणीं प्रत्यक्षाहून कमी असते, हेंहि मध्यस्थानें लपवूं नये. म्हणून घेणाऱ्या-देणाऱ्यांकडे तोंडी चौकशीहि करावी. सरकारी मूल्यदर तक्ता, ज्यास रेडी रेकनर म्हणतात, तो मुद्रांकासाठीं असतो. तक्त्याप्रमाणें येणारें मूल्य व ठरलेली किंमत यांत जें अधिक, त्यावर मुद्रांक बसतो. बाजारभाव त्याच्या वर किंवा खालींहि असूं शकतो. तेव्हां त्याच तक्त्यावर किंमत ठरविणें मालकास व घेणारास दोघांसहि घातक आहे.

तिसरी गोष्ट, एवढ्यानेंहि मालकाचें समाधान न झाल्यास मुदतीची कसोटी घ्यावी. मालकाच्या आंकड्यानें जमीन ६० दिवस दाखवावी. त्या काळांत किती लोक पाहून गेले व प्रत्येकानें काय किंमत केली, याची टिपणी ठेवावी. मुदत संपल्यावर पुन्हां बसून किंमतीचा विचार करावयाचा, हें प्रथमच लेखी ठरवावें. बाजाराचें उत्तर मालकानें आपल्या कानांनीं ऐकलें म्हणजे तें मध्यस्थाच्या उपदेशापेक्षां लवकर पटतें.

चौथी गोष्ट, इतकें करूनहि मेळ न बसल्यास काम नम्रपणें परत करावें. “जमीन तुमची, विकण्या न विकण्याचा हक्कहि तुमचाच; पण या किंमतीस मी गिऱ्हाईक आणूं शकत नाहीं, आणि खोटी आशा लावणार नाहीं,” असें सांगणारा मध्यस्थ त्या दिवशीं दलाली गमावतो, पण पंचक्रोशींत विश्वास मिळवितो.

थांबण्याची किंमत

“जमीन कोठें पळून जाते?” असें मालक म्हणतो. जमीन पळत नाहीं. व्याज मात्र थांबत नाहीं. समजा, एका शेतकऱ्यावर दरसाल दरशेंकडा १२ नें २० लाखांचें कर्ज आहे. त्याच्या जमिनीस आरंभीं ४८ लाखांचें गिऱ्हाईक आलें, पण त्यानें ७० लाखांवर हट्ट धरला. दीड वर्षांत नुसतें सरळव्याज ३ लाख ६० हजार झालें. दरम्यान ती जमीन विकाऊ म्हणून सर्वांच्या तोंडीं झाली. फार दिवस फिरणाऱ्या जमिनीविषयीं लोक कुजबुजूं लागतात: दावा असेल, भावकीची हरकत असेल, वाट नसेल. शेवटीं ४६ लाखांस सौदा झाला. म्हणजे व्याज व उतरलेला भाव मिळून ५ लाख ६० हजारांचा फटका बसला. दीड वर्षांचें पीक घरांत आलें तें यांतून वजा करावें. तरीहि जिरायत जमिनींत ही तूट भरून निघणें कठीण.

ज्याच्यावर कर्ज नाहीं व ज्यास निकड नाहीं, त्यानें भावासाठीं खुशाल थांबावें. त्यांत शहाणपणहि असूं शकतें. पण मग जमीन विक्रीस काढल्याचा बोभाटा तरी करूं नये.

मालकानें काय करावें?

मध्यस्थाकडे जाण्यापूर्वीं सातबारा, फेरफार व मोजणीचा नकाशा काढावा, आणि वारसाच्या नोंदी पूर्ण कराव्या. स्वच्छ कागदांनीं जेवढी किंमत वाढते तेवढी हट्टानें वाढत नाहीं. निदान दोघां मध्यस्थांकडून किंमत विचारावी. जो अधिक सांगेल त्यास नव्हे, तर जो “कशावरून” याचें उत्तर देईल त्यास काम द्यावें. हा पुरावा दुहेरी उपयोगाचा आहे: तो फाजील अपेक्षेपासून वांचवितो, तसाच अडचणींत सांपडलेल्या मालकाची जमीन कवडीमोलानें जाण्यापासूनहि वांचवितो.

वडिलार्जित जमिनीचें मोल पैशांत होत नाहीं असें आपण म्हणतों, आणि तें खरें आहे. परंतु ज्या दिवशीं ती विकावयाची ठरली, त्या दिवशीं मोल आणि किंमत या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. मोल मालकाच्या मनांत राहतें; किंमत घेणाराच्या बोलीनें ठरते. हा भेद मालकास दुखावल्यावांचून व फसविल्यावांचून जो समजावून देईल, तोच मध्यस्थ आपल्या दलालीस पात्र होय.