लेकराला घेऊन समुद्रावर जाताय? आधी तिथी बघा

दापोली : सुट्टीत लहानग्यांना घेऊन मुरूड, कर्दे, आंजर्ल्याला येणारे पर्यटक खोली आधी बघतात, भरती-ओहोटी मात्र बघत नाहीत. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणलं, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती अन् दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या पुढे, तर ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. दोन-तीन वर्षांच्या पोरांना हीच वेळ बरी. ऊन उतरलेलं असतं, ओली वाळू लांबवर मोकळी होते. किल्ला करा, शिंपले वेचा, खेकड्यांची बिळं दाखवा. पण घोटाभर पाण्यातही पोराचा हात सोडू नका. लाट परतताना पायाखालची वाळू ओढते. पाणी चढायला लागलं, की आवरतं घ्या. नेमकी वेळ गावातल्या मच्छीमारांना विचारा.