करबिलातलं झाड, उपग्रहाच्या नजरेतून

मालमत्ता कराच्या बिलात बऱ्याचदा ‘वृक्ष उपकर’ अशी एक ओळ असते. ती आली महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यातून. त्याच कायद्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणनाही सांगितली आहे. ही मोजणी आकाशातून जमेल का?

हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. या फरकावरून उपग्रह हिरवाई ओळखतो. पण सेंटिनेल-2 या उपग्रहाचा एक चित्रबिंदू 10 मीटरचा! छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकासारख्या ठिकाणी रस्त्याकडेचं एकटं झाड डांबर-सिमेंटमध्ये विरघळतं. त्याच शहरातल्या हिमायत बागेची दाट झाडी मात्र उठून दिसते. खोडाचा घेर नोंदवायला माणूसच हवा. आपल्या प्रभागाची वृक्षगणना कधी झाली, हे महापालिकेला जरूर विचारा.