अळूचे पान आणि गणपतीचे कान

आमच्या घरचा गणपती वर्षानुवर्षे आमचे काका घडवीत आले. श्रावण लागला की अंगणात तांबड्या मातीची बादली भिजत पडायची आणि आम्ही समजायचो, काकांचे काम सुरू झाले. गेल्या वर्षी मात्र त्यांच्या हातांना कंप सुटला. कपबशी हातात घेतली तरी वाजू लागली, मग सोंड आणि बोटे कशी वळणार? मूर्ती विकत आणावी, असे घरात जवळजवळ ठरले. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणा की. पण त्याआधी मला मातीचे एक अळूचे पान करून दाखवा."

वाचकहो, आपल्या बेटावर अळू कोणाला ठाऊक नाही? क्रिओलमध्ये त्यालाच आपण सोंज म्हणतो. माएबूरचे शिक्षक जॉर्ज क्लार्क यांना १८६५ साली ज्या दलदलीत डोडो पक्ष्याची हाडे सापडली, तिचे नावही मार-ओ-सोंज, म्हणजे अळूचे तळे! आमच्या घरी तर ब्रेद सोंज नेहमीच शिजते. तेव्हा एक पान करणे म्हणजे काय मोठेसे, असे आम्हां उभयतांना वाटले.

पेणच्या कारागिरांना शाडू मिळते. आपली माती ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची झीज होऊन झालेली, लोहामुळे तांबडी, आणि खडे व मुळ्या यांनी भरलेली. ती दोन दिवस भिजवली, ढवळून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळली, वरचे निवळ पाणी ओतून टाकले आणि खालचा गाळ चक्क्यासारखा बांधून टांगला. मग कणकेसारखा मळला. इथवर आमचे कौतुक करायला हरकत नाही.

पुढे आम्ही जरा हुशारी केली. मातीची पोळी लाटली, तिच्यावर अळूचे खरे पान शिरांची बाजू खाली ठेवून दाबले, कडेने सुरी फिरवली आणि पान सोलून काढले. एकूण एक शीर उमटली होती! खाचेपाशी मातीचा देठ चिकटवला आणि काकांपुढे नेऊन ठेवले.

काकांनी ते उलटेपालटे करून पाहिले. "हा पानाचा ठसा झाला. पान कुठे आहे? आणि देठ कुठे लावलात?"

आम्ही ओहोळाकाठी गेलो. पाहतो तो काय, अळूचा देठ खाचेत नसतोच! तो पानाच्या पाठीला, खाचेपासून बराच आत जोडलेला असतो. तेथूनच एक मोठी शीर टोकाकडे जाते आणि दोन शिरा मागच्या दोन पाळ्यांत उतरतात. म्हणून तर पान छत्रीसारखे तोलून राहते आणि वाऱ्यावर डोलते. तीस वर्षे हे देठ आम्ही सुरीने कापीत आलो आणि एकदाही पाहिले नव्हते! सोबत आलेल्या नातवाला यात नवल काहीच वाटले नाही. त्याला ते आधीच माहीत होते.

दुसरे पान नुसत्या हाताने केले. शिरा मोजक्याच काढल्या, पण पाठीचा बाक साधला. ते तडकले. तिसरेही तडकले. मातीचे कण चपटे असतात व त्यांच्यामध्ये पाणी असते. ते उडून गेले की कण जवळ येतात आणि माती आकसते. पातळ कड आधी वाळून आकसते, जाड मधला भाग ओलाच राहतो, आणि या ओढाताणीत चीर पडते. त्यात आपल्याकडे त्या दिवसांत आग्नेयेचा कोरडा वारा. काकांनी कडेवर ओले फडके टाकायला सांगितले. चौथे पान आठ दिवस सावलीत, फडक्याखाली वाळले आणि टिकले. डौलदार म्हणवत नाही, पण ते अळूचे होते.

त्या पानाकडे पाहून काका म्हणाले, "आता कान करा."

तेव्हा आम्हांला उमगले! काकांच्या गणपतीचे कान पाहून लोक थबकत, त्याचे कारण हेच होते. लोक सुपाचा आकार घेतात. काकांनी ओहोळाकाठचे पान घेतले होते. कान डोक्याला जेथे जुळतो तेथे जाडी, कडेला पातळ, आणि मध्ये तो बाक. जोडताना दोन्ही अंगे खरवडून पातळ चिखलाचा लेप द्यायचा, हेही त्यांनीच दाखवले. सोंड आम्हांला चार वेळा मोडून करावी लागली. डोळे मात्र काकांनी स्वतः काढले. आम्ही त्यांचे मनगट धरले होते.

विसर्जनाला काकांना खुर्चीसकट किनाऱ्यावर नेले. कच्ची, वाळलेली माती पाणी पिताच सुटू लागते आणि पातळ भाग आधी जातो. डावा कान पहिल्याच लाटेत विरघळू लागला. उजवा बराच वेळ तसाच होता.

"उजवा जरा जाड केलात," काका म्हणाले.