बाळाची शी-शूची सवय : घाई कोणाची आणि वेळ कोणाची?

सुरत शहराच्या उत्तर भागात, तापीच्या काठालगत असलेले कतारगाम उंधियूत पडणाऱ्या पापडीसाठी आणि हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. सप्टेंबर १९९४ मध्ये मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने देशभर पोहोचले. त्या वर्षी सुरतेत प्लेगची साथ पसरली आणि तिचे पहिले रुग्ण वेड रोड-कतारगाम या पट्ट्यात आढळले. लाखो माणसे शहर सोडून गेली. पुढच्या वर्षी आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि सार्वजनिक शौचालये यांची घडी नव्याने बसवली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसह पहिला क्रमांक मिळवला. एका अख्ख्या शहराला घाण कुठे टाकावी हे शिकायला इतकी वर्षे लागली. दोन वर्षांच्या मुलाने मात्र तेच शिक्षण आठवडाभरात पूर्ण करावे, अशी आपली अपेक्षा असते.

सुरतेत लिंबायत-उधन्यापासून कतारगामपर्यंत मराठी कुटुंबे राहतात. त्यांतील बरीच खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली. वडील दिवसभर कारखान्यात, आई घरकाम सांभाळून चार पैसे मिळवणारी, आजी गावी, घर एका-दोन खोल्यांचे आणि शौचालय कधी घरात, तर कधी चाळीत सामाईक. अशा घरात मूल दोन वर्षांचे झाले की प्रश्न उभा राहतो : याची लंगोटाची किंवा डायपरची सवय सोडवायची कधी आणि कशी? फोनवरून आजी सांगते, ‘आमची मुले वर्षाच्या आत सांगायला लागली होती.’ शेजारीण म्हणते, ‘तीन वर्षांपर्यंत वाट बघा.’ बालवाडी विचारते, ‘मूल स्वतः सांगते ना?’ गोव्यातील पणजी-मडगावच्या सदनिकेतही हेच तीन आवाज ऐकू येतात. फरक इतकाच की इथे आई-वडील दोघेही नोकरीला असल्यास चौथा आवाज पाळणाघराचा असतो.

आजी खोटे बोलत नाही

आपल्याकडे तान्ह्या बाळाला पाय पसरून पायांवर बसवण्याची आणि तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज करण्याची पद्धत जुनी आहे. बाळ दूध प्यायले, झोपून उठले की त्याला बसवायचे. तो आवाज आणि ती बैठक यांची सांगड काही महिन्यांत बसते आणि दुपटी कमी ओली होतात. ही पद्धत केवळ आपलीच नाही. केनियातील दिगो समाजात आया बाळाला पहिल्या काही आठवड्यांपासूनच असे बसवतात आणि पाच-सहा महिन्यांत त्यांना चांगले यश येते, अशी नोंद मार्टेन डीव्ह्रीस यांनी १९७७ मध्ये केली.

पण इथे शिकते कोण, हे पाहिले पाहिजे. मुख्यतः आई शिकते. बाळाचा चेहरा, हालचाल, दुधानंतरची वेळ तिला वाचता येऊ लागते आणि बाळ तिच्या इशाऱ्याला प्रतिसाद देते. त्यासाठी दिवसभर बाळाजवळ असणारे, घाई नसलेले माणूस लागते. आजीच्या काळी ते घरात होते. आज ते नसेल, तर आईने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही; ते असेल, तर ही पद्धत वापरण्यातही काही गैर नाही, मात्र बाळाला बळजबरीने बसवून ठेवू नये.

मुलाने स्वतः ओळखणे, सांगणे, थांबवून धरणे, चड्डी काढणे, बसणे आणि उठणे ही वेगळी विद्या आहे. ती शरीर आणि मन दोन्ही तयार झाल्याशिवाय येत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ मध्ये ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध करून मुलाच्या तयारीनुसार चालण्याचा मार्ग मांडला. त्या मुलांनी दिवसाचा ताबा सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांच्या सुमारास मिळवला होता, तर रात्रीचा साधारण तेहतीस महिन्यांच्या सुमारास. आजी आणि डॉक्टर दोघांचेही म्हणणे खरे आहे. दोघे वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत.

शरीरात काय घडते?

नवजात बाळाचे मूत्राशय भरले की आपोआप रिकामे होते. त्यात इच्छेचा भाग नसतो. पुढे मूत्राशयाची क्षमता वाढते, ते भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचते आणि बाहेर जाणारा मार्ग आवळून धरणाऱ्या स्नायूवर मुलाचा ताबा येतो. बहुतेक मुलांमध्ये ही तयारी दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दिसू लागते. काहींना तीन वर्षेही लागतात. सहसा शीवरचा ताबा आधी येतो, मग दिवसा शूवरचा आणि सर्वांत शेवटी रात्रीचा. हा क्रम पालकांच्या इच्छेने बदलत नाही.

लवकर सुरुवात केली म्हणजे लवकर संपते, असेही नाही. नेथन ब्लम आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सुमारे चारशे मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सव्वादोन वर्षांच्या आत कसून शिकवायला सुरुवात केलेल्या मुलांना त्याचा विशेष लाभ झाल्याचे दिसले नाही. शिकवण्याचा काळ मात्र लांबला.

मुलाची तयारी कशी ओळखावी?

वयापेक्षा खुणा महत्त्वाच्या. सलग दोन तास किंवा दुपारच्या झोपेतून उठेपर्यंत लंगोट कोरडा राहतो का? शीची वेळ साधारण ठरलेली आहे का? मूल शी करताना कोपऱ्यात, पडद्यामागे जाते का? ओल्या कपड्याची त्याला अडचण वाटते का? ‘चेंडू आण’, ‘इथे बस’ अशा साध्या सूचना ते पाळते का? चड्डी खाली ओढता येते का? मोठी माणसे शौचालयात गेली की मागोमाग जाण्याची ओढ आहे का? यांतील बहुतेक प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल, तर वेळ आली असे समजावे.

मुलाची वेळ आली, तरी घराची यावी लागते. नवे भावंड जन्माला येणार असेल, घर बदलायचे असेल, मूल आजारातून उठले असेल, तर महिनाभर थांबावे. कतारगामच्या हिरे कारखान्यांना दिवाळीत मोठी सुट्टी असते आणि कुटुंबे गावाकडे निघतात. प्रवासाच्या तोंडावर घातलेली सवय गाडीतच मोडते. गोव्यात चतुर्थीला मूळ घरी जाणाऱ्यांचीही तीच गत. परत येऊन घडी बसल्यावर सुरुवात करणे शहाणपणाचे. ऋतूचाही विचार करावा. सुरत असो वा सावर्डे, भर पावसाळ्यात ओल्या चड्ड्या वाळत नाहीत आणि आईचा धीर सुटतो. फेब्रुवारी ते मे हा काळ त्या दृष्टीने सोयीचा. मूल सुटसुटीत कपड्यांत राहते आणि दिवसातून सहा चड्ड्या बदलल्या तरी त्या संध्याकाळपर्यंत वाळतात.

शिकवावे कसे?

पहिले काही दिवस पॉटी केवळ खोलीत ठेवावी आणि मुलाला कपडे घालूनच तिच्यावर बसू द्यावे. भारतीय पद्धतीच्या शौचालयाचे मोठे भोक, अंधार आणि पाण्याचा आवाज यांची मुलांना खरोखर भीती वाटते. कमोडवर पाय लोंबकळत राहिले तर जोर लावता येत नाही. म्हणून जमिनीला पाय टेकतील अशी लहान पॉटी उत्तम. कमोडच वापरायचा असेल, तर लहान बैठक आणि पायाखाली पाट हवा. चाळीत सामाईक शौचालय असेल, तर पॉटीला पर्यायच नाही. दोन वर्षांचे मूल रांगेत थांबू शकत नाही.

मग वेळा ठरवाव्यात : सकाळी उठल्यावर, जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी, झोपण्यापूर्वी. जेवणानंतरची वेळ उगाच सांगितलेली नाही. पोटात अन्न गेले की मोठे आतडे हालचाल करू लागते, त्यामुळे शी होण्याची शक्यता तेव्हा अधिक असते. बसण्याचा वेळ पाच मिनिटांहून अधिक नसावा. झाले तर मनापासून कौतुक करावे. नाही झाले तर ‘बरं, नंतर बघू’ एवढेच. हातात मोबाइल देऊन अर्धा तास बसवून ठेवल्यास मूल बसायला शिकते, पण पोटाची हाक ऐकायला शिकत नाही.

कपडे नाडी-बटणांचे नकोत, सैल इलॅस्टिकचे हवेत. दिवसभर डायपर चालू ठेवून ही सवय लावणे कठीण जाते. आधुनिक डायपर ओल इतकी शोषून घेतो की काय घडले हे मुलाला कळतच नाही. प्रवासात आणि रात्री तो वापरण्यास हरकत नाही. मुलग्यांनाही आधी बसूनच शिकवावे. मुलींना धुताना पुढून मागे धुवावे, म्हणजे मूत्रमार्गाला संसर्ग होण्याची शक्यता कमी होते. प्रत्येक वेळी साबणाने हात धुणे हा शिकवणीचाच शेवटचा धडा मानावा. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही जंतू पसरतात. पॉटीतील शी शौचालयातच टाकावी. मोरीत, गटारात किंवा परसात नव्हे.

शब्दही ठरवावेत. कतारगामच्या घरात मराठी आणि गल्लीत गुजराती. गोव्यात घरी मराठी-कोंकणी आणि बालवाडीत इंग्रजी. मूल घरात ‘शू’ म्हणत असेल आणि बाईंना तो शब्द ठाऊक नसेल, तर सांगूनही चड्डी ओली होते. मुलाचा शब्द पाळणाघराला आणि शाळेला पहिल्याच दिवशी कळवावा.

मूल अडून बसले तर

अपघात होणारच. त्या वेळी ओरडणे, चारचौघांत लाजवणे, ओल्या कपड्यांत उभे करणे यांतून मूल ताबा शिकत नाही, लपवायला शिकते. काही मुले पॉटीत शू करतात, शी मात्र करत नाहीत. डायपर घातला की लगेच करतात. ब्रूस टॉबमन यांच्या १९९७ मधील अभ्यासात ४८२ मुलांपैकी सुमारे एकपंचमांश मुलांनी महिनाभर किंवा अधिक काळ असाच नकार दिला होता. तेव्हा हा हट्टीपणा नव्हे. अशा वेळी काही आठवडे डायपर परत द्यावा, त्याबद्दल टोमणा मारू नये आणि नंतर पुन्हा सुरुवात करावी.

यातील खरा धोका बद्धकोष्ठाचा आहे. एकदा कडक शी होऊन दुखले की मूल पुढची शी धरून ठेवते. धरलेली शी अधिक मोठी, अधिक कडक होते आणि पुढच्या वेळी अधिक दुखते. मूल टाचा उचलून उभे राहते, पाय आवळते, चेहरा लाल होतो. घरच्यांना वाटते, ते जोर लावत आहे. प्रत्यक्षात ते शी रोखत असते. अशा मुलाला आधी बसवण्याचा आग्रह थांबवावा. पाणी, फळे, भाज्या वाढवाव्यात, दुधाचा अतिरेक कमी करावा आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. शी मऊ होऊन भीती जाईपर्यंत शिकवणी पुढे सरकत नाही.

लघवी करताना दुखणे, लघवीत किंवा शीत रक्त, सतत थेंब-थेंब गळणे, चार वर्षांनंतरही दिवसा ताबा नसणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. कोरडे राहू लागलेले मूल अचानक पुन्हा ओले करू लागले, सोबत तहान फार वाढली आणि वजन घटले, तर रक्तातील साखर त्याच दिवशी तपासावी. रात्रीचे अंथरूण ओले होणे मात्र पाच वर्षांपर्यंत काळजीचे नाही. पाच वर्षांच्या साधारण पंधरा टक्के मुलांमध्ये ते आढळते, बऱ्याचदा आई किंवा वडिलांनाही लहानपणी तसेच होत असते.

जूनचा धाक

या साऱ्यात सर्वांत मोठे दडपण शाळेचे आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन वर्षांपासूनचा काळ शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात आणला, अंगणवाडीतही तीन ते सहा वर्षांची मुले येतात. प्रवेश नक्की झाला की एप्रिल-मेमध्ये घरोघरी घाई सुरू होते. ज्या मुलाची तयारी झालेली आहे, ते दोन-तीन महिन्यांत सहज शिकते. ज्याची झालेली नाही, त्याच्यावर जूनची तारीख लादली की बद्धकोष्ठाचे चक्र सुरू होण्याची भीती असते.

तीन वर्षांच्या मुलांना घेणाऱ्या संस्थेने काही मुले अजून शिकत आहेत हे गृहीत धरले पाहिजे. लहान आकाराचे, स्वच्छ, दार आतून अडकणार नाही असे शौचालय, मदतीला एक माणूस आणि ठरावीक वेळा एवढे असले तरी पुरते. पालकांनी दोन जादा चड्ड्या पाठवाव्यात आणि मूल कुठवर आले आहे हे प्रामाणिकपणे सांगावे. शाळेत जायला घाबरून पाणीच न पिणारे, दुपारपर्यंत लघवी रोखून धरणारे मूल कागदोपत्री ‘शिकलेले’ असते. त्याचे शरीर मात्र त्याची किंमत मोजत असते.

कतारगामच्या एका खोलीतल्या आईला आणि मडगावच्या सदनिकेतल्या आईला सांगायचे ते एकच. मुलाच्या खुणा पाहून सुरुवात करा, तीन-चार आठवड्यांत काहीच प्रगती नसेल तर महिना-दीड महिना थांबा आणि पुन्हा करा. थांबल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्यांदा सुरुवात करताना मूल महिन्या-दोन महिन्यांनी मोठे झालेले असते, आणि बहुतेक वेळा तेवढेच हवे असते.