मंगळावरची माती उचलताना

साधु-साध्वींनी पाळावयाच्या पाच समित्यांपैकी चौथी आदान-निक्षेपण समिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना ती नीट पाहावी, पुसावी, सूक्ष्म जीवासही बाधा होऊ देऊ नये, असा तिचा आशय. मंगळावरील खडकांचे नमुने पृथ्वीवर आणण्याची योजना समजून घेताना या समितीचे वारंवार स्मरण होते. कारण त्या योजनेची सारी कसोटी उचलणे आणि ठेवणे या दोन क्रियांतच आहे.

अमेरिकेच्या ‘नासा’चे ‘पर्सिव्हिअरन्स’ हे वाहन १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरील जेझेरो विवरात उतरले. तेथे अब्जावधी वर्षांपूर्वी सरोवर होते. तेथील खडकांचे तुकडे टायटॅनियमच्या नळ्यांत भरून ठेवण्याचे काम ते करीत आहे. जुलै २०२४ मध्ये ज्या खडकातून ‘सफायर कॅनियन’ हा नमुना घेतला, त्यात प्राचीन सूक्ष्मजीवांची खूण असू शकेल, असे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. अशा खुणा जीवाविनाही घडू शकतात. खरा निवाडा पृथ्वीवरील प्रयोगशाळेतच व्हावयाचा आहे.

परंतु नळ्या भरणे एक आणि त्या वर उचलणे दुसरे. पृथ्वीखेरीज अन्य कोणत्याही ग्रहावरून अग्निबाण आजवर उडालेला नाही. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के असले, तरी कक्षेत जाण्यास सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर वेग हवा. अग्निबाण मोठा करावा, तर विरळ हवेत तो सुखरूप उतरवणे कठीण. म्हणून अभियंत्यांनी सुमारे तीन मीटर उंचीचा, घन इंधनावर चालणारा, दोन टप्प्यांचा अग्निबाण आखला. त्यात प्रत्येक ग्रॅमचा हिशेब आहे.

कडाक्याच्या थंडीत इंधनास तडे गेले, तर ते भलत्या वेगाने जळून स्फोट होईल. म्हणून त्याला ऊब द्यावी लागते. हलका अग्निबाण जमिनीवर पेटवल्यास घसरण्याची वा कलण्याची भीती. म्हणून उतरलेल्या यानाने तो सुमारे साडेचार मीटर वर फेकावा आणि त्याने हवेतच पेट घ्यावा, अशी योजना. संदेश पोहोचण्यास काही मिनिटे लागत असल्याने ऐनवेळी सावरणारे तेथे कोणी नाही. सारी दक्षता आधीच घ्यावयाची.

उचलण्याइतकीच ठेवण्याचीही चिंता आहे. पृथ्वीवरील जंतू तिकडे जाऊ नयेत म्हणून नळ्या निर्जंतुक केल्या गेल्या. मंगळाची धूळ इकडे मोकळी येऊ नये म्हणून नमुन्यांचे पात्र दुसऱ्या आवरणांत बंदिस्त करावयाचे. तेथे जीव आहे की नाही हे ठाऊक नसतानाही तो आहे असे समजून वागणे, ही वृत्ती आपल्याला परकी नाही.

या दक्षतेचे मोल मात्र मोठे. खर्च ११ अब्ज डॉलरवर आणि नमुने २०४० मध्ये, असा अंदाज निघाल्यावर एप्रिल २०२४ मध्ये नासानेच ही योजना न परवडणारी ठरवून स्वस्त पर्याय मागवले. काटकसर अवश्य करावी. ती आकारात, वजनात, दिखाव्यात करावी. सावधपणात केलेली काटकसर ही बचत नव्हे, उधारी आहे. समिती वस्तू उचलू नका असे सांगत नाही. पाहून उचला, इतकेच सांगते. नळ्या भरलेल्या आहेत. उचलणारे हात अजून घडायचे आहेत.